‘फायरआबेंट’: काम संपण्याच्या वेळेला जर्मन लोकांनी दिलेलं नाव आलं कुठून?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली अडखळ आणि पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे. कंसातले आकडे रेकॉर्डिंगमधली वेळ दाखवतात.)

[००:००] सुरुवात

आजचा भाग एका शब्दावर आहे. फक्त एका. शब्द जर्मन आहे आणि तो दोन शब्द जोडून बनलाय: ‘फायरआबेंट’. उच्चार साधारण फा-यर-आ-बेंट. शेवटी लिहितात ‘ड’, पण जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘ड’ बोलताना ‘ट’ होतो, म्हणून बेंट.

अर्थ सोपा आहे. दिवसभराचं काम संपलं, आता उरलेला वेळ माझा, ती वेळ म्हणजे फायरआबेंट. ऑफिसमधून निघताना लोक एकमेकांना ‘शोनन फायरआबेंट’ म्हणतात. शब्दशः ‘छान फायरआबेंट’. आपण ‘चला, येतो’ म्हणतो त्या जागी.

आणि आधीच सांगून टाकतो, यातल्या ‘फायर’चा आगीशी संबंध नाही. नोकरीवरून ‘फायर’ करण्याशी तर अजिबातच नाही. जर्मनमध्ये आगीला ‘फॉयर’ म्हणतात. तो वेगळा शब्द, वेगळं मूळ.

आता हा शब्द मी का निवडला? तर इंटरनेटवर ‘भाषांतर न होणारे दहा शब्द’ अशा ज्या याद्या फिरतात ना, त्यांत हा हमखास असतो. आणि तिथे खाली लिहिलेलं असतं: ‘फायर म्हणजे सेलिब्रेशन, आबेंट म्हणजे संध्याकाळ, म्हणजे जर्मन लोक रोजची संध्याकाळ साजरी करतात!’ वाचायला गोड आहे. पण शब्दाचा प्रवास असा झालेला नाही. खरा प्रवास चर्चच्या घंटेपासून सुरू होतो आणि कामगार कायद्यापर्यंत येतो. माझ्या मते तो या गोड अर्थापेक्षा जास्त उपयोगाचा आहे. खासकरून आपल्यासारख्या, लॅपटॉप मिटला तरी ज्यांचं काम संपत नाही अशा लोकांसाठी.

[०२:१५] आधी समास सोडवू

शाळेत मराठीच्या पेपरला समासाचा विग्रह करायला असायचा, आठवतंय? तेच करायचंय.

जर्मन भाषेत दोन-तीन-चार नामं सरळ चिकटवून एक शब्द करतात. मध्ये जागा नाही, जोडरेघ नाही. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. आपण व्हेरिएबलला नाव देताना शब्द असेच जोडतो, फक्त मधलं अक्षर मोठं करतो. जर्मन लोक तेही करत नाहीत. कुठे तोडायचं ते तुमचं तुम्ही ओळखायचं.

वाचायची युक्ती अशी की शेवटून सुरुवात करायची. शेवटचा शब्द मुख्य, आधीचे त्याचं वर्णन करणारे. आपल्या तत्पुरुष समासात हेच असतं. ‘देवघर’ हे घर आहे, देव नाही. आणि लिंगही शेवटच्या शब्दाचं येतं. देव पुल्लिंगी असला तरी आपण ‘ते देवघर’ म्हणतो. तसंच ‘फायर’ हा शब्द जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे, ‘आबेंट’ पुल्लिंगी, म्हणून पूर्ण शब्द पुल्लिंगी.

आणि ही तुलना मी ओढूनताणून करत नाहीये बरं का. युरोपातल्या भाषाशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात संस्कृत व्याकरण अभ्यासलं, तेव्हा समासांची वर्गवारी तिथूनच उचलली. आजही जगभरच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत ‘तत्पुरुष’, ‘बहुव्रीही’, ‘द्वंद्व’ हे शब्द वापरतात. म्हणजे आपण ज्याला दहावीत वैतागलो, ते जर्मन शब्द सोडवायला नेमकं कामी येतं.

तर विग्रह करू. मुख्य पद ‘आबेंट’, म्हणजे संध्याकाळ. इंग्रजीतल्या ‘इव्हनिंग’चा हा चुलतभाऊ. आधीचं पद ‘फायर’. म्हणजे ‘फायर’ची संध्याकाळ. पण ‘फायर’ म्हणजे काय? आणि ‘ची’ म्हणजे नेमकं काय? गंमत या दोन प्रश्नांत आहे.

[०४:४०] ‘फायर’ मूळचा जर्मन नाहीच

‘फायर’ हा शब्द लॅटिनमधून आला. प्राचीन रोममध्ये ‘फेरिआए’ म्हणजे देवांसाठी राखून ठेवलेले दिवस. त्या दिवशी कोर्टाचं काम बंद, रोजची कामं बंद. पुढे ख्रिस्ती चर्चची भाषा लॅटिन झाली, त्यात हा शब्द ‘फेरिआ’ असा एकवचनात रुळला आणि धर्मप्रसाराबरोबर जर्मन बोलणाऱ्या लोकांकडे पोचला.

तिथे तो ‘फीरा’ झाला. पुढे काही शतकांनी ‘फीरं’, आणि मग ‘फायर’. हे बदल उगाच झालेले नाहीत, त्यांना नियम आहे. जुन्या काळात लॅटिनमधून घेतलेल्या शब्दांतला लांब ‘ए’ जर्मनमध्ये बऱ्याचदा ‘ई’ झाला आणि मग त्या ‘ई’चा ‘आय’ झाला. खडूचं उदाहरण घ्या. लॅटिन ‘क्रेटा’, जुन्या जर्मनमध्ये ‘क्रीडा’, आजच्या जर्मनमध्ये ‘क्रायडं’. ए, ई, आय. आता शेजारी ठेवा: फेरिआ, फीरा, फायर. तंतोतंत तोच मार्ग.

मजा म्हणजे हाच लॅटिन शब्द जर्मनमध्ये दुसऱ्यांदा आला. सोळाव्या शतकाच्या आसपास शिकलेल्या लोकांनी, कोर्ट-कचेरीच्या भाषेतून, तो पुन्हा उचलला, या वेळी जवळजवळ जसाच्या तसा: ‘फेरिएन’. आज जर्मनीत शाळेच्या सुट्ट्यांना ‘फेरिएन’ म्हणतात. म्हणजे एकाच मुळातून दोन शब्द. एक लोकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेला, दुसरा पुस्तकातून थेट आलेला. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘फायर’ तद्भव आणि ‘फेरिएन’ तत्सम.

याच मुळाची बाकी मंडळीही ओळखीची आहेत. सणाच्या दिवशी चर्चभोवती बाजार भरायचा, त्यावरून फ्रेंचमधून इंग्रजीत ‘फेअर’ आला, म्हणजे जत्रा. पोर्तुगीजमध्ये सोमवार ते शुक्रवार या वारांच्या नावांत अजून ‘फेइरा’ आहे. सोमवार म्हणजे ‘सेगुंडा-फेइरा’, दुसरी फेइरा. आणि आपले जे श्रोते गोव्यातून ऐकतायत त्यांच्यासाठी: चर्चचं ‘फेस्त’ असतं ना, तो शब्द पोर्तुगीज ‘फेस्ता’वरून आला, आणि त्यामागचा लॅटिन शब्द ‘फेरिआए’चा सख्खा भाऊ आहे. म्हणजे ‘फेस्त’ आणि ‘फायरआबेंट’ हे लांबचे नातेवाईक.

[०७:३०] सणाची संध्याकाळ की सणाच्या आदली संध्याकाळ?

आता दुसरा प्रश्न. ‘फायर’ची संध्याकाळ म्हणजे सणाच्या दिवशीची संध्याकाळ असं आपल्याला वाटेल. पण तसं नाही. मध्ययुगातल्या जर्मनमध्ये ‘फीरआबेंट’ म्हणजे सणाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ.

का? कारण चर्चच्या हिशोबात सणाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. आदल्या दिवशी सूर्य मावळतीला गेला, संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की उद्याचा सण लागला. ही पद्धत ज्यू परंपरेतून आली. त्यांचा शब्बाथ आजही शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो.

याच्या खुणा जर्मनमध्ये अजून आहेत. ‘हायलिशआबेंट’, म्हणजे पवित्र संध्याकाळ, ती २४ डिसेंबरला असते, २५ ला नाही. त्याहून भारी उदाहरण शनिवारचं. उत्तर आणि पूर्व जर्मनीत शनिवारला ‘झोनआबेंट’ म्हणतात. शब्दशः ‘रवि-संध्याकाळ’! म्हणजे रविवारच्या आदली संध्याकाळ. आधी फक्त शनिवारची संध्याकाळ, मग हळूहळू पूर्ण शनिवारच. हा शब्द आठव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या धर्मप्रसारकांनी आपल्या भाषेतून आणला असं मानतात. दक्षिण आणि पश्चिम जर्मनीत मात्र शनिवारला ‘झाम्सटाग’ म्हणतात, तो शब्बाथवरून आलेला शब्द. एकाच देशात एकाच वाराला दोन नावं.

मराठीत आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: पूर्वसंध्या. ‘स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला राष्ट्रपतींचं भाषण’ म्हणतो आपण, ते १४ ऑगस्टला असतं. तर मूळच्या फायरआबेंटचं मराठी भाषांतर होतं, आणि अगदी सहज होतं. ‘सणाची पूर्वसंध्या’. ‘भाषांतर न होणारे शब्द’वाल्या यादीतून एक शब्द कमी करा.

[०९:५०] मग रोजची संध्याकाळ कशी झाली?

पूर्वसंध्येला काय करायचं असतं? काम थांबवायचं असतं. सणाच्या दिवशी काम करणं चर्चला मान्य नव्हतं, आणि सण तर संध्याकाळीच लागला. त्यामुळे कारागिरांच्या दृष्टीने ‘फीरआबेंट’चा व्यवहारातला अर्थ एकच होता: आज हत्यारं लवकर खाली ठेवायची.

आणि इथे ‘फायर’ शब्दाचा तो अर्थ येतो जो इंटरनेटच्या यादीत नसतो. आज ‘फायर’ म्हणजे समारंभ, पार्टी. ‘फायर्न’ हे क्रियापद, म्हणजे साजरं करणे. पण जुना अर्थ होता ‘काम न करणे’. देवासाठी का होईना, पण काम न करणे. हा अर्थ काही शब्दांत अजून शिल्लक आहे. खाणीत किंवा कारखान्यात मागणी नाही म्हणून एखादी पाळी बंद ठेवली तर तिला ‘फायरशिष्ट’ म्हणतात. ‘शिष्ट’ म्हणजे शिफ्ट, पाळी. तिथे कोण कसला उत्सव करतंय? तिथे ‘फायर’ म्हणजे नुसतं काम बंद. तसंच ‘क्रांकफायर्न’. ‘क्रांक’ म्हणजे आजारी. आजारपणाची रजा घेऊन घरी बसणे, त्यातही खरा आजार आहे का याबद्दल जरा संशय. इथेही ‘साजरं करणे’ लावून बघा, काहीच अर्थ लागत नाही. ‘काम न करणे’ लावा, बरोबर बसतं.

तर सोळाव्या शतकापासून कारागिरांच्या बोलीत ‘फायरआबेंट’चा अर्थ सरकला. ‘सणाची पूर्वसंध्या’ इथून ‘काम थांबवायची वेळ’ इथे, आणि ती वेळ तर रोजच येते. धर्माचा भाग मागे पडला, थांबण्याचा भाग उरला.

त्या काळात हे थांबणं आपोआपही व्हायचं, हेही लक्षात घ्या. सूर्य मावळला की उजेड नाही. बऱ्याच ठिकाणच्या कारागीर संघांनी रात्री मेणबत्तीच्या उजेडात काम करायला बंदी घातली होती, कारण काम वाईट होतं आणि लाकडी घरांच्या गावात आगीची भीती. सुताराला, विणकराला ‘आज किती वाजेपर्यंत?’ असा प्रश्न फारसा पडत नसे. उत्तर खिडकीबाहेर दिसायचं.

एक छान वस्तू सांगतो. ‘फायरआबेंटत्सीगल’. ‘त्सीगल’ म्हणजे छपराचं कौल. कौलं बनवणारे कारागीर दिवसाच्या शेवटी एखाद्या ओल्या कौलावर नक्षी काढायचे, सूर्य, फुलं, तारीख, एखादं वाक्य. अशी कौलं जर्मनीतल्या संग्रहालयांत बघायला मिळतात.

हा शब्द आडनावही झाला. सोळाव्या शतकात फ्रँकफुर्टमध्ये झीगमुंट फायरआबेंट नावाचा मोठा पुस्तक प्रकाशक होता. आणि विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात ज्यांना रस आहे त्यांना पाउल फायरआबेंट माहीत असतील. व्हिएन्नात जन्मलेले, १९७५ सालच्या ‘अगेन्स्ट मेथड’ या पुस्तकामुळे गाजलेले. विज्ञानाची एकच एक ठरलेली पद्धत नसते म्हणणारा माणूस, आणि आडनाव ‘काम संपलं’!

[१३:२०] संध्याकाळ गेली, शब्द राहिला

आज रात्रपाळी करणारी नर्स सकाळी सहाला सुटते तेव्हा तीही ‘आता माझा फायरआबेंट’ म्हणते. सकाळी सहाला. बेकरीवाला दुपारी बाराला म्हणतो. म्हणजे ‘आबेंट’मधली संध्याकाळही गळून पडली. सण आधीच गेला होता. दोन्ही पदांचे मूळ अर्थ गेले आणि जोडशब्द मात्र ठणठणीत आहे.

भाषेत हे नेहमी होतं. आपलं ‘तेल’ घ्या. मूळ तिळाचं ते तैल. आज आपण ‘खोबरेल तेल’, ‘शेंगदाण्याचं तेल’ बिनदिक्कत म्हणतो, तिळाची आठवणही येत नाही.

पुढे या शब्दाने आणखी शब्द जन्माला घातले. कामावरून सुटल्यावरची बिअर म्हणजे ‘फायरआबेंटबिअर’. त्या वेळेची वाहतूक कोंडी म्हणजे ‘फायरआबेंटफेअरकेअर’, हिंजवडीवाल्यांना समजावून सांगायला नको. जिथले सदस्य आपापली नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात बैठका घेतात अशा सभागृहाला ‘फायरआबेंट-पार्लमेंट’ म्हणतात. पूर्व जर्मनीत, म्हणजे १९९० च्या एकीकरणाआधीच्या कम्युनिस्ट जर्मनीत, वृद्धाश्रमाला ‘फायरआबेंटहाइम’ म्हणायचे. आयुष्यभराचं काम संपल्यावरचं घर. आपण ‘आयुष्याची संध्याकाळ’ म्हणतो, त्याच कल्पनेतून आलेलं.

आणि चिडून नुसतं ‘फायरआबेंट!’ म्हटलं तर ‘बास झालं आता!’

[१५:१०] शब्द असून भागत नाही

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं ऐकून वाटेल, वा, त्यांच्या भाषेतच शब्द आहे, म्हणून ते लोक वेळेवर घरी जातात. मला हे पटत नाही. शब्द सोळाव्या शतकापासून होता. तरीही एकोणिसाव्या शतकात कारखाने आले, गॅसचे दिवे लागले, तेव्हा त्याच जर्मन बोलणाऱ्या मजुरांना बारा-बारा, चौदा-चौदा तास राबावं लागलं. उजेडाची अडचण संपली आणि थांबायची वेळही संपली. त्यांच्या शब्दकोशात फायरआबेंट होताच की! शब्दाने कुणाला घरी सोडलं नाही.

घरी सोडलं ते संघर्षाने आणि कायद्याने. पहिलं महायुद्ध हरल्यावर, राजेशाही कोसळल्यावर, नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीत आठ तासांचा दिवस लागू झाला. कामगार संघटना कित्येक वर्षं ते मागत होत्या. १९१९ च्या वायमार राज्यघटनेत रविवार आणि सणाचे दिवस हे कामापासून विश्रांतीचे दिवस म्हणून संरक्षित केले, आणि ते कलम आजच्या जर्मन राज्यघटनेतही तसंच चालू आहे. १९५६ मध्ये जर्मन कामगार संघटनांच्या महासंघाने पाच दिवसांच्या आठवड्यासाठी मोहीम काढली. पोस्टरवर एक लहान मुलगा, आणि घोषणेचा अर्थ: ‘शनिवारी बाबा माझे.’ त्या काळी शनिवारी काम असायचं. म्हणजे बघा, ‘झोनआबेंट’, रविवारची पूर्वसंध्या, ती आख्खी मोकळी व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आज तिथला कामाच्या तासांचा कायदा १९९४ चा आहे. दिवसाला आठ तास. वाढवून दहा करता येतात, पण मग पुढच्या काही महिन्यांत सरासरी आठवर आणायची. आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग किमान ११ तासांची विश्रांती. काही क्षेत्रांना अपवाद आहेत, उदाहरणार्थ हॉस्पिटलं. पण नियमाचं गणित बघा. रात्री अकराला तुमचा कॉल संपला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आधी तुम्हाला कामाला बसवता येत नाही. ‘डेली स्टँडअप नऊला आहे’ हे कारण चालत नाही.

२०११ मध्ये फोक्सवागनने तिथल्या कामगार प्रतिनिधींशी करार करून एक गोष्ट केली. काही कर्मचाऱ्यांच्या कंपनीच्या फोनवर पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासाने ईमेल जाणं बंद, आणि दुसऱ्या दिवशी पाळीच्या अर्धा तास आधी पुन्हा सुरू. वरिष्ठ व्यवस्थापकांना ते लागू नव्हतं. मला इंजिनिअर म्हणून हे फार आवडलं. ‘कृपया रात्री मेल पाठवू नका’ असं परिपत्रक काढलं नाही, थेट सर्व्हरलाच फायरआबेंट शिकवला. चर्चच्या घंटेचं काम आता सर्व्हर करतोय.

म्हणून असं समजू नका की तिथे कुणी जादा काम करत नाही. करतात. कायदा मोडणाऱ्या कंपन्याही आहेत, आणि तास लवचीक करा अशी मागणी उद्योगांकडून होत असते. सांगायचं एवढंच की रेषा कुठे आहे हे ठरलेलं आहे, त्यामुळे ती ओलांडली तर ओलांडली असं म्हणता येतं.

[१८:३०] आपल्याकडे काय म्हणतात?

आपल्याकडे या वेळेला नाम नाही, क्रियापद आहे: सुटणे. ‘ऑफिस सुटलं’, ‘शाळा सुटली’, ‘गिरणी सुटली’. ‘सुटी’ हा शब्दही त्यातलाच. जर्मन शब्दामागे ‘आज काम निषिद्ध’ ही कल्पना आहे, आपल्या शब्दामागे ‘बांधलेलं मोकळं झालं’ ही.

यात एक गोष्ट मला खटकते. ‘ऑफिस सुटलं’ या वाक्याचा कर्ता कोण? ऑफिस. मी नाही. ऑफिस सुटतं, म्हणून मी सुटतो. जर्मन माणूस म्हणतो ‘इश माखं फायरआबेंट’, मी फायरआबेंट करतो. कर्ता मी.

गिरणी होती तोवर आपलं क्रियापद पुरेसं होतं. भोंगा वाजायचा, दरवाजे उघडायचे, सगळं गिरणगाव एकदम रस्त्यावर. पण घरून काम करताना ऑफिस कधी सुटतं? सुटायला ते बंद व्हावं लागतं ना. चॅटचा हिरवा ठिपका तर रात्री बारालाही चालू असतो.

माझंच सांगतो. आमच्या टीमचा अर्धा भाग जर्मनीत आहे. त्यांचे पाच वाजले की चॅटवर ‘शोनन फायरआबेंट’चे मेसेज पडतात. हिवाळ्यात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. म्हणजे त्यांचा फायरआबेंट आमच्या ताटावरच्या जेवणात येतो, आणि आम्ही सकाळी दहापासून बसलेले असतो. यात त्या लोकांची काही चूक नाही. त्यांच्यापाशी घंटा आहे, आमच्यापाशी ती कुणी बसवलेली नाही.

तरी आपला इतिहासही रिकामा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव ऐकलं असेल. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आठवड्याला एक सुटी मिळावी म्हणून वर्षानुवर्षं अर्ज केले, सभा घेतल्या. शेवटी १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगारांना तो हवा, हेही त्या मागणीत होतं असं सांगतात. जरा थांबून बघा. देवाचा वार, म्हणून काम बंद. हजार वर्षांपूर्वीच्या जर्मनीतला ‘फीरआबेंट’ आणि जेजुरीचा खंडोबा, दोघांच्या नावावर माणसाने मागितलं एकच, थोडी विश्रांती.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात कामाचे तास कमी करायचं विधेयक आलं आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. आणि अगदी अलीकडचं म्हणजे २०१८ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं: कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क. त्याचा कायदा झाला नाही. पण मागणी कागदावर आली.

[२२:००] शेवटी

तर सारांश. ‘फायर’ म्हणजे मूळ देवासाठी राखलेला, काम बंद असलेला दिवस. ‘फायरआबेंट’ म्हणजे त्याची पूर्वसंध्या. मग कारागिरांच्या तोंडी रोज काम थांबवायची वेळ. मग संध्याकाळचाही संबंध सुटला आणि उरली फक्त सीमा: इथपर्यंत काम, इथून पुढे मी. ती सीमा प्रत्येक काळात कुणीतरी राखली. आधी घंटेने, मग मावळत्या सूर्याने, मग संघटनेने आणि कायद्याने. शब्द नुसता साक्षीदार आहे.

म्हणून ‘जर्मन लोक रोजची संध्याकाळ साजरी करतात’ हे वाक्य कुणी फॉरवर्ड केलं तर त्यांना हा भाग पाठवा. साजरं करायचं नंतर बघू, आधी थांबायचं ठरवावं लागतं, आणि ते एकट्याने ठरवून होत नाही. तुमच्या टीममध्ये निदान एवढं बोलून बघा: आपली घंटा किती वाजता?

आणि एक गृहपाठ. तुमच्या घरी, तुमच्या गावाकडे, दिवसाचं काम संपण्याच्या वेळेला काय म्हणतात? शेतातून औतं सोडायची वेळ, गुरं परतायची वेळ, दिवेलागण, दुकान वाढवायची वेळ. (दुकान ‘बंद’ करत नाहीत, ‘वाढवतात’, त्यावर वेगळा भाग करता येईल.) असे शब्द कळवा, कोणत्या भागातले तेही लिहा. पुरेसे जमले की त्यांच्यावर बोलू.

आत्ता रेकॉर्डिंग थांबवतो. रात्रीचे साडेदहा झालेत.

तुम्हाला छान फायरआबेंट.